बोगद्याआधी परवानगी

चि. निखिल,


वसतिगृहातून बाहेर जायला फक्त प्रॉक्सीचा ३१२८ पोर्ट, आणि तुला मेल हवा थंडरबर्डमध्येच. मित्राने सांगितलेली बोगद्याची युक्ती चालते का, असं विचारलंस. चालते. म्हणूनच सविस्तर लिहितेय.

प्रॉक्सीला ‘कनेक्ट’ ही आज्ञा द्यायची, सोबत मेल सर्व्हरचं नाव आणि पोर्ट. त्याने २०० असं उत्तर दिलं की पुढे तो इकडचे बाइट तिकडे आणि तिकडचे इकडे, एवढंच करतो; हाच तो बोगदा. ही सोय वापरात आली एचटीटीपीएससाठी, म्हणजे ४४३ पोर्टसाठी. पण पलीकडे वेबसाइट आहे की मेल सर्व्हर, याच्याशी तिला देणंघेणं नाही. स्पॅम पाठवणाऱ्यांनी नेमकं हेच हेरलं. या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी जगभरचे उघडे पडलेले प्रॉक्सी शोधले आणि त्यांच्यामार्फत २५ पोर्टवर वाटेल तेवढा मेल ओतला. घेणाऱ्या सर्व्हरला दिसे तो प्रॉक्सीचा आयपी पत्ता, आणि काळ्या यादीत जाई तोही तोच. संस्थेचा मेल त्याच पत्त्यावरून जात असेल, तर सगळ्यांचीच पत्रं परत येत. स्क्विड या प्रॉक्सी सॉफ्टवेअरच्या मूळ कॉन्फिगमध्ये ‘कनेक्ट’ला ४४३ सोडून बाकीचे पोर्ट बंद असतात ते उगाच नाही.

बाहेर ४४३ वर ऐकणारा सर्व्हर भाड्याने घेऊन त्यातून मेल नेता येईल, हे तुझ्या मित्राचं म्हणणं खरं आहे. तरी ते करू नकोस. काही बिघडलं तर लॉगमध्ये तुझं नाव असेल, आणि रात्रभर निस्तरत बसेल तो अ‍ॅडमिन. मी ही नोकरी केलीय. त्याच्या बाजूने बोलणं मला भागच आहे.

सरळ त्याला विचार. मागणी नेमकी कर: अमुक एका सर्व्हरसाठी वाचायला ९९३, पाठवायला ४६५ किंवा ५८७. २५ मागूच नकोस. ‘मेल चालू करा’ असं मोघम म्हटलंस तर नाहीच म्हणेल.

परवानगी मिळाली तरी एक जप. ‘कनेक्ट’ स्वतः काहीही एन्क्रिप्ट करत नाही. मेल वाचायच्या १४३ पोर्टवर टीएलएस एन्क्रिप्शनशिवाय गेलास, तर तुझा पासवर्ड प्रॉक्सीवर कोणालाही वाचता येईल. आणि प्रमाणपत्राबद्दल इशारा आला, तर अपवाद म्हणून मान्य करून पुढे जाऊ नकोस. मधे बसलेलं कोणीतरी स्वतःचंच प्रमाणपत्र पुढे करत असू शकतं.

तोवर वेबमेल वापर. अर्ज लिहिलास की देण्याआधी मला दाखव.

तुझी,
आत्या