टेकू कशाला म्हणतात?

काय रे झिला, होडी वर काढलीस म्हणे! काल बाजारातून येताना मुद्दाम नदीकाठानं आलो आणि बघितली. नववीत तुला गुरुत्वमध्य शिकवला होता, फळ्यावर चित्र काढून. पंचवीसपैकी सात मार्क पडले होते, मी विसरलेलो नाही. तेव्हा सोडून दिलं, कारण तुझ्या सात मार्कांखाली कोणी चिरडणार नव्हतं.

काल तुझ्या होडीच्या पोटाखाली दोन पोरं चेंडू शोधत होती. त्यांना हाकललं आणि उजवीकडच्या टेकूला नुसता हात लावला. हलला! म्हणजे त्याच्यावर भारच नाही. डावीकडच्यावर मात्र एवढा, की तिथलं फायबर आत दबलंय. अंगठा ठेवून बघ, निम्मा आत बसतो. पठाणाखाली, म्हणजे होडीच्या कण्याखाली काय, तर पुढे एक चिरा, मागे एक चिरा आणि मध्ये हवा.

होडीचं वजन पठाणानं पेलायचं असतं. टेकू असतो तो होडी कलू नये म्हणून, उचलून धरायला नव्हे. तू टेकूंवर होडी टांगलीस आणि पठाण मोकळा सोडलास. पुढे, मध्ये, मागे लाकडाचे ठोकळे हवेत, एक थर उभा, एक आडवा, आणि इंजिनाच्या बाजूला जास्त, कारण जडपणा तिथे. चिरा घराच्या भिंतीला चांगला. इथे सगळा भार त्याच्या एका कडेवर येतो, कड ढासळते आणि धार फायबरला टोचते. तुझ्या माळ्यावर जुन्या घराचे ऐनाचे वासे पडलेत ना? ते काय म्युझियमला द्यायचेत?

टेकू लावायचा तो आतून जिथे आडवी फळी बसवलीय, त्याच्या बाहेरच्या बाजूला. मोकळ्या पत्र्यासारख्या भागावर नाही. समोरासमोरचे दोन टेकू पठाणाखालून दोरीनं एकमेकांशी बांधायचे, म्हणजे पाय फाकत नाहीत. आणि प्रत्येकाच्या पायाखाली फळी. आज जमीन कातळासारखी लागते, मृगाचे दोन पाऊस पडू देत, तुझा टेकू खुंटीसारखा आत जाईल.

ताडपत्रीच्या रश्या तर टेकूलाच बांधल्यास! वारा ताडपत्री उचलणार, ताडपत्री टेकू ओढणार, टेकू गेला की होडी आडवी. रशी होडीच्या पोटाखालून फिरवून घ्यायची, टेकूला शिवायचंसुद्धा नाही.

मागचं बूच का लावून ठेवलंयस? 'पाणी शिरू नये म्हणून' असं तुझा भाऊ म्हणाला. जमिनीवर ठेवलेल्या होडीत पाणी खालून शिरत नाही रे, वरून पडतं! गणित कर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुझ्या होडीचं तोंड सात चौरस मीटर धर. ताडपत्री फाटली आणि १०० मिलिमीटर पडला, आपल्याकडे तो एका दिवसात पडतो, तर ७०० लिटर. सातशे किलो! कोणाच्या जिवावर, त्या हलणाऱ्या टेकूच्या? नाळ, म्हणजे पुढचं टोक, चार बोटं वर ठेव आणि बूच काढून घरात खिळ्याला टांग.

'पूर्वी असंच ठेवायचे' हे मला सांगू नकोस. पूर्वीची होडी लाकडाची, आत हात-हातभर अंतरावर वांक, म्हणजे फासळ्या, ती टेकूचा मार सोसायची. आणि ते लोक चुडतांची झापं घालून शाकारायचे, उन्हातही, फळ्या सुकून सांधे उघडू नयेत म्हणून. खाली गिर्याला मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे, कधी जाऊन बघितलीस? आणि आपल्याच खारेपाटणात सापडलेला रट्टराजाचा ताम्रपट, शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८. परद्वीपाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण सोनं, असा कर त्यात आहे. हजार वर्षांपूर्वी ज्या खाडीनं जहाजांचं सोनं मोजलं, तिच्या काठावर तुला एक होडी सरळ उभी करता येत नाही.

जागाही चुकलीच. शुक नदीचं पाणी बाजारात शिरतं हे लहान पोराला ठाऊक आहे, आणि तू होडी बाजाराच्याही खाली ठेवलीस. तरंगली की ठोकळे गेले, टेकू गेले, आणि पाणी उतरताना ती कोणाच्या तरी पडवीत बसेल. वर ने, आणि नाळ व मागचं टोक दोन वेगळ्या झाडांना बांध. विजेच्या खांबाला बांधलेली दिसली तर बघ. समुद्रात १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी, आणि पुढे नारळी पौर्णिमेपर्यंत तू काही हलणार नाहीस. तेवढे दिवस ती जागच्या जागी राहायला हवी.

उद्या सकाळी आठला येतो. जॅक, वासे, फळ्या, पाचरी आणि दोन धड माणसं तयार ठेव, आणि एकही पोर जवळ दिसता कामा नये. त्याआधी इंजिन उतरव. खाऱ्या पाण्यातून आणलंयस, गोड्या पाण्यात चालवून धुतलंस का?

वाटलंच.