तळ आपला, पाणी सर्वांचे

ओहोटीच्या वेळी वसईच्या पाचूबंदर किनाऱ्यावर उभे राहिले की पाणी ओसरल्यावर एका कुशीवर कललेल्या होड्या दिसतात. अशाच एका सकाळी एक वृद्ध नाखवा लोखंडी पट्टीने आपल्या होडीचा तळ खरवडीत होते. हिरवे शेवाळ, बुळबुळीत मळ आणि चुनखडी कवचाची बारीक बार्नेकल वाळूवर गळून पडत होती. आम्ही सहज विचारले, "ही घाण आता कुठे जाणार?" हात न थांबवता ते म्हणाले, "भरती येईल, घेऊन जाईल. पण फादर, तुमच्या मोरीचं पाणी कुठं जातं?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. तो प्रश्न घेऊनच आम्ही घरी परतलो.

समुद्रात उभी असलेली कोणतीही नाव फार काळ स्वच्छ राहत नाही. थोड्याच दिवसांत तळावर सूक्ष्म जीवांचा चिकट थर चढतो. शेवाळ रुजते, बार्नेकल आणि शिणाणी घट्ट बसतात. तळ खडबडीत झाला की वेग मंदावतो आणि इंधन अधिक जळते. आपल्याकडील होडीला ओहोटी तरी वाळूवर टेकवते. परंतु जगातील अनेक बंदरांत खाजगी नौका वर्षभर पाण्यातच असतात आणि क्रेनने उचलून घेणे खर्चाचे असते. मग पाणबुड्या खाली उतरतो आणि नाव तरंगत असतानाच तिचा तळ घासतो. निघालेला मळ पाण्यातच राहतो, आणि पाणी कोणा एकाच्या मालकीचे नसते. स्वतःची स्वच्छता दुसऱ्याच्या अंगणात सांडत असेल, तर तिला स्वच्छता म्हणावे काय?

प्रश्न केवळ मळाचा असता तर सोपा होता. मळाबरोबर रंगही निघतो, आणि जीव चिकटू नयेत म्हणून त्या रंगात बहुधा तांब्याचे संयुग मिसळलेले असते. ही युक्ती जुनीच आहे. ब्रिटिश आरमाराने १७६१ साली 'अलार्म' या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले होते. परंतु जो गुण बार्नेकलला दूर ठेवतो, तोच पाण्यातील शिणाण्यांच्या कोवळ्या पिलांनाही घातक ठरतो. विषाला आपला आणि परका असा भेद कळत नाही.

अमेरिकेतील सॅन डिएगो शहरात शेल्टर आयलंड नावाचा नौकातळ आहे. तेथे दोन हजारांहून अधिक खाजगी नौका उभ्या असतात. त्यांपैकी प्रत्येक मालक म्हणू शकतो, "माझ्या एका नौकेने असे कितीसे तांबे पाण्यात जाणार?" आणि तो खोटे बोलत नसतो. तरीही अशा दोन हजार खऱ्या उत्तरांची बेरीज होऊन पाणी दूषित झाले. २००५ साली तेथील प्रादेशिक जलमंडळाने पाण्यात जाणारे तांबे ७६ टक्क्यांनी घटविण्याचे बंधन घातले.

त्या मंडळाच्या हिशेबातील एक गोष्ट आम्हांस अस्वस्थ करून गेली. पाण्याखालील साफसफाईचा वाटा सुमारे ५ टक्केच होता. सुमारे ९३ टक्के तांबे, कोणी हातही न लावता, शांत उभ्या असलेल्या नौकांच्या रंगातून अहोरात्र झिरपत होते. घासताना पाणी गढूळ होते, म्हणून पाणबुड्याकडे बोट दाखविणे सोपे जाते. गाजावाजा करणारा दोष सर्वांना दिसतो. मुकाट्याने झिरपणारा दोष तो करणाऱ्यालाही जाणवत नाही.

मग तळ साफच करू नये काय? तसेही नाही. न घासलेला तळ अधिक इंधन जाळतो आणि परक्या जीवांना दूरच्या बंदरांत नेऊन सोडतो. १९९९ साली ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे एक परका शिंपला आढळला. तो नौकांच्या तळाला चिकटून आला असे मानले जाते. त्याला मारण्यासाठी तीन नौकातळ बंद करून पाण्यात विष ओतावे लागले. मुंबई आणि विशाखापट्टणमच्या बंदरांत तर तो त्याआधीच पोहोचला होता.

म्हणजे करणेही निर्दोष नाही आणि न करणेही नाही. अशा पेचात "माझा हेतू चांगला होता" एवढे म्हणून सुटका होत नाही. अपाय होणार हे आधीच दिसत असेल, तर तो कमीत कमी होईल असा मार्ग शोधणे हे कर्तव्यच ठरते. तो मार्ग जाणत्या पाणबुड्यांना ठाऊक आहे. ते मऊ फडक्याने, हलक्या हाताने आणि वरचेवर पुसतात. मळ निघतो, रंग बहुतांशी शाबूत राहतो. वर्षभर दुर्लक्ष केले की खरवडणी हाती घ्यावी लागते. मग रंगाचे पापुद्रे सुटतात, तांबे अधिक पसरते आणि उघड्या पडलेल्या जागी नवी वाढ लवकर धरते. कठोर सफाईची पाळी बहुधा आधीच्या आळसामुळेच येते. घरातील रुसवेफुगवे वर्षानुवर्षे साचू देऊन एखाद्या दिवशी सर्वांदेखत खरवडून काढणाऱ्या आम्हां मंडळींना हे वेगळे सांगावयास नको.

परंतु याहून आधीचा एक प्रश्न उरतोच: आपल्या बचावासाठी आपण अंगाला काय फासून बसलो आहोत? कॅलिफोर्निया राज्याने २०१८ पासून खाजगी नौकांच्या रंगातून किती तांबे झिरपावे यावर मर्यादा घातली. घासणाऱ्याच्या हाताबरोबर रंगाच्या डब्याचीही तपासणी हवी, हे तेथे पटले.

त्या नाखव्यांना द्यावयाचे उत्तर आम्ही पुढे शोधून काढले. आमच्या मोरीचे पाणी नाल्यात जाते, नाल्यातून खाडीत, आणि खाडीतून त्यांच्याच होडीखाली. आमची फरशी लखलखीत होती. तिच्यावर ओतलेल्या फिनेलचा हिशेब आम्ही कधी मांडला नव्हता. आता बाटली तिरपी करताना आमचा हात थोडा आखडतो. वाचकहो, ही काही मोठी सुधारणा नव्हे. मात्र पुन्हा कोणाला "ही घाण कुठे जाणार?" असे विचारण्यापूर्वी आम्ही आधी आपल्या मोरीकडे पाहतो.