मेंढरांची मोजणी आणि अंगणवाडीची वही

आमच्या वऱ्हाडांतील मंडळ्यांत अशा कित्येक भगिनी आहेत, कीं ज्या आठवड्याचे सहा दिवस अंगणवाडींत लहान मुलें सांभाळतात आणि सातव्या दिवशीं उपासनेस येऊन बसतात. त्यांच्याशीं बोलतांना एक गाऱ्हाणें वारंवार ऐकूं येतें. मुलांस खाऊं घालणें, त्यांच्याबरोबर गाणीं म्हणणें, त्यांचें नाक पुसणें, या कामाचा त्यांस कंटाळा नाहीं. कंटाळा आहे तो लिहिण्याचा. कोण आलें, कोण आलें नाहीं, कोणाचें वजन किती भरलें, कोणास लस टोंचली, कोणाच्या घरीं शिधा पोंचला, कोणतें मूल बोलूं लागलें, हें सर्व नोंदावयाचें व मोबाइलांतहि भरावयाचें. तेव्हां प्रश्न असा उत्पन्न होतो, कीं मुलाविषयीं लिहीत बसणें ही मुलाची सेवा आहे, कीं मुलापासून चोरलेला वेळ आहे? हा प्रश्न केवळ सरकारी दप्तराचा नव्हे. तो विवेकबुद्धीचा आहे, म्हणून आम्ही तो आज वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम अंगणवाडी आली कोठून हें पाहूं. ताराबाई मोडक यांचें नांव पुष्कळांस ठाऊक आहे. पण लग्नानंतर कांहीं वर्षें त्या आपल्या अमरावतींत राहत होत्या, हें थोड्यांस ठाऊक असेल. पुढें त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या कार्यांत सामील झाल्या, आणि १९४५ सालीं ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें त्यांनीं खेड्यांतील बालशिक्षणाचें काम आरंभिलें. अनुताई वाघ तेथेंच त्यांस येऊन मिळाल्या. गरिबांचीं मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळाच त्यांच्या अंगणांत न्यावी, या विचारांतून अंगणवाडी निघाली. या दोघी ज्या माँटेसरीबाईंच्या पद्धतीस अनुसरत होत्या, तिचा पाया असा, कीं शिकविण्यापूर्वीं मुलाकडे नीट पाहावें. तेव्हां पाहणें हें अंगणवाडीच्या जन्मापासून तिच्याबरोबर आहे. पुढें २ आक्टोबर १९७५ रोजीं सरकारनें देशांतील ३३ ठिकाणीं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हळूहळू गांवोगांव पोंचली. एक सेविका, एक मदतनीस, सहा वर्षांखालील मुलें, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता, एवढा तिचा संसार; आणि या सर्वांची नोंद त्या एका सेविकेच्या माथीं.

आतां कोणी म्हणेल, आईला कां वही लागते? तिला आपलें मूल डोळ्यांनीं दिसतें. याचें उत्तर असें, कीं डोळा सवयीनें आंधळा होतो. ज्या वस्तींत सगळींच मुलें किडकिडीत, तेथें आणखी एक किडकिडीत मूल कोणाच्या नजरेंत भरत नाहीं. मूल रोज पाहण्यांत असतें, म्हणूनच त्याची उतरती कळा दिसत नाहीं. दोन तीन महिने वजन जागच्या जागीं राहिलें, तर तें मूल हाडें दिसूं लागण्यापूर्वींच संकटांत सांपडलेलें असतें. परंतु हें सांगणार कोण? मागील महिन्याचा आंकडा. नायजेरिया देशांत इलेशा येथें मेथडिस्ट मिशनच्या इस्पितळांत डेव्हिड मॉर्ले नांवाचे डॉक्टर १९५६ सालापासून काम करीत होते. मुलाचें वजन महिन्यागणिक टिपून त्याची रेघ वर चढते कीं आडवी जाते हें दाखविणारा साधा तक्ता त्यांनीं प्रचारांत आणिला, आणि तो तक्ता इस्पितळाच्या कपाटांत न ठेवितां आईच्याच हातीं दिला. आपल्या अंगणवाडींतील वाढीचा तक्ता त्याच कुळांतला आहे. तशीच ती दंडाचा घेर मोजण्याची पट्टी. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरांहून कमी भरला, तर पट्टीचा तांबडा रंग सांगतो, कीं हें मूल अतितीव्र कुपोषित आहे, विलंब करूं नका. तेव्हां आंकडा हा प्रेमाचा शत्रु नव्हे. जेथें डोळा थकतो तेथें तो डोळ्याची काठी होतो.

परंतु दुसरी बाजूहि खरी आहे. काठी वाटेस लावण्यासाठीं असते. ती इतकी जड झाली कीं चालणाराच वांकला, तर तिचा उपयोग काय? १ मार्च २०२१ रोजीं पोषण ट्रॅकर नांवाची मोबाइलवरील नोंदवही देशभर सुरू झाली. त्याच वर्षीं आगष्ट महिन्यांत महाराष्ट्रांतील हजारों सेविकांनीं सरकारनें दिलेले फोन परत केले. कारण ते जुने व अपुरे होते, आणि त्या नोंदवहीची भाषा इंग्रजी होती. त्या सेविका आळशी होत्या असें आम्हांस वाटत नाहीं. एका हातानें फोन धरून दुसऱ्या हातानें मुलाला घांस भरवितां येत नाहीं, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. इंग्लंडांतहि जे लोक आपल्या घरीं परक्यांचीं मुलें सांभाळतात, त्यांस मुलांचें निरीक्षण करावें लागतें. तेथील २०२१ सालीं सुधारलेल्या सरकारी नियमांत मात्र असें सांगितलें आहे, कीं मुलाची प्रगति पाहण्यासाठीं अतोनात कागद लिहवूं नयेत, आणि त्यापायीं सांभाळणाऱ्यानें मुलांपासून फार वेळ दूर राहूं नये. सातासमुद्रांपलीकडचा हा अनुभव आणि आमच्या दर्यापूर-मूर्तिजापुराकडच्या भगिनींचा अनुभव एकच आहे.

मग ख्रिस्ती मनुष्यानें काय समजावें? पवित्र शास्त्रांत आम्हांस दोन मोजण्या आढळतात. दावीद राजानें इस्राएलाची शिरगणती केली, आणि ती त्याला पाप म्हणून लागू झाली. उलट आमच्या प्रभूनें ज्या मेंढपाळाचा दाखला दिला, त्याचीं शंभर मेंढरें होतीं व एक हरवलें. एक हरवलें हें त्याला कशावरून कळलें? त्यानें मोजलीं असलीं पाहिजेत. ज्यानें मोजलींच नाहींत, त्याला नव्याण्णव आणि शंभर सारखींच. मग या दोन मोजण्यांत भेद कोणता? दावीदाची मोजणी संख्येपाशीं थांबली. सेनापतीनें आंकडा आणून दिला आणि काम संपलें. मेंढपाळाची मोजणी संपली तेव्हां त्याचें काम सुरू झालें. तो रानांत निघाला. जी नोंद झाल्यावर कोणी उठून जातें, ती मेंढपाळाची नोंद. जी नोंद झाल्यावर वही मिटते, ती दावीदाची.

याहूनहि अवघड प्रसंग एक आहे. समजा, मेळघाटांत धारणीकडील एखाद्या ढाण्यावर महिनाअखेरीस वजनें भरावयाचीं आहेत. चार कुटुंबें मजुरीसाठीं परगांवीं गेलीं आहेत, आणि एका घरचें मूल मागल्या महिन्यापेक्षां हलकें भरलें आहे. खरें लिहावें तर वरून विचारणा होईल, आईला लाज वाटेल, आणि दोष बहुधा सेविकेवरच येईल. मागील आंकड्यांत थोडें मिळविलें तर कोणाचेंच मन दुखणार नाहीं. प्रभूच्या दाखल्यांतील अन्यायी कारभाऱ्यानेंहि असेंच केलें होतें. शंभर मण तेलाच्या खतावर पन्नास लिहविले. त्यांत धन्याचें तेल बुडालें. येथें मात्र त्या मुलाचें आयुष्य बुडण्याचा संभव आहे. कारण खोट्या आंकड्यानें त्याचा आजार कागदावर बरा होतो, आणि कागदावर बऱ्या झालेल्या मुलाकडे डॉक्टर येत नाहीं. नीतिसूत्रांत खोट्या तराजूचा परमेश्वरास वीट आहे असें सांगितलें आहे, तें केवळ वाण्याच्या तराजूविषयीं आहे असें कोणी समजूं नये.

यास्तव आमच्या या भगिनींस आम्ही तीन गोष्टी नम्रपणें सुचवितों. पहिली, आधीं मूल पाहावें, मग वही उघडावी. न पाहिलेल्या मुलाची ओळ कोरी राहिली तरी चालेल, पण ती अंदाजानें भरूं नये. गैरहजर मूल गैरहजर म्हणून लिहिणें यांत कमीपणा नाहीं. दुसरी, जें लिहिलें तें आईला तिच्या भाषेंत सांगावें, कोरकू बाईला कोरकूंत, वऱ्हाडी बाईला वऱ्हाडींत. कारण ती नोंद प्रथम तिची आहे, मग सरकारची. तिसरी, वहींतील गोष्ट पाणवठ्यावर नेऊं नये. मुलाचें वजन ही आईनें विश्वासानें हातीं दिलेली ठेव आहे.

परंतु सर्व ओझें सेविकेवर टाकून आम्ही मोकळे होऊं, तर शास्त्री-परूश्यांविषयीं प्रभूनें जें म्हटलें तें आम्हांसहि लागू होईल; ते दुसऱ्यांच्या खांद्यावर जड भार देत आणि स्वतः बोट लावीत नसत. जो अधिकारी खऱ्या आंकड्यासाठीं सेविकेस रागावतो, तो तिला खोटें शिकवितो. आणि मंडळीचें काय? ज्या गांवीं आमचीं मुलें मॅट्रिक होऊन घरीं बसलीं आहेत, तेथें वजनाच्या दिवशीं कांटा उचलणें, दूरच्या घरून मूल आणणें, सेविका सांभाळते तोंवर बसून मुलांस गोष्ट सांगणें, एवढें त्यांस करितां येईल. उपदेशकांनींहि आपली हजेरीवही एकदां उघडून पाहावी. तींत बाप्तिस्मा झालेल्यांचीं नांवें आहेत. त्यांपैकीं कोण सहा महिने दिसला नाहीं, हें त्या वहीवरून कळतें. पण कळल्यावर आपण त्याच्या दारीं गेलों काय?

लिहिणें सोडावें असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या देवाजवळ आमच्या डोक्यावरचे केसहि मोजलेले आहेत, तो मोजतो तें विसरूं नये म्हणून. आमच्या वह्याहि तशाच असाव्या. महिनाअखेरीस ज्या भगिनीची एखादी ओळ कोरी राहिली, पण हलकें भरलेलें मूल जिनें आईसह दवाखान्यांत पोंचविलें, तिची वही अपुरी आहे असें वरचा अधिकारी म्हणो. आम्ही तसें म्हणणार नाहीं.