मूलनची गुरं आणि मूलनची बायको

चेन्नईत मयिलापूरच्या कपालीश्वर मंदिरातून पंगुनी महिन्याच्या उत्सवात ६३ नायनमारांच्या, म्हणजे शैव संतांच्या, मूर्तींची मिरवणूक निघते. त्या संतांतले एक तिरुमूलर. त्यांची कथा बाराव्या शतकात सेक्किळारांनी 'पेरिय पुराणम्'मध्ये सांगितली. हे सेक्किळार चेन्नईलगतच्या कुंड्रत्तूरचे. मच्छिंद्रनाथ आणि त्रिविक्रम राजाची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ही कथा परकी वाटणार नाही. तीही परकायाप्रवेशाचीच.

कैलासाहून निघालेला एक योगी कावेरीकाठी तिरुवावडुदुरैला पोचतो. जवळच्या सात्तनूरचा मूलन नावाचा गुराखी मरून पडलाय. गुरं त्याला हुंगताहेत, चाटताहेत, हंबरत भोवती फिरताहेत. योग्याला कणव येते. आपला देह सुरक्षित ठेवून तो मूलनच्या देहात शिरतो. गुरं खूश. पोटभर चरून संध्याकाळी ती घरची वाट धरतात. मूलनची बायको मात्र त्याला शोधत येते आणि तिला काहीतरी वेगळंच जाणवतं. 'तुझं-माझं काही नातं नाही,' असं तो सांगतो. ती रात्रभर जागी राहते आणि सकाळी गावापुढे गाऱ्हाणं मांडते.

गुरांना तोच वाटणारा मूलन बायकोला परका वाटतो. एका प्लॅटफॉर्मसाठी लिहिलेलं मोबाइल ॲप दुसऱ्यावर नेणारे अभियंते याच पेचाशी झुंजतात. फेब्रुवारी २०१२ मध्ये ब्लॅकबेरीने आपल्या प्लेबुक टॅबलेटवर अँड्रॉइडची ॲप चालवायची सोय केली. तपासणीचं एक साधन आधी ॲप चाळून 'इथे हे चालणार नाही' अशी यादी हातात ठेवी. मग अँड्रॉइडची एपीके फाइल ब्लॅकबेरीच्या बार स्वरूपात नव्याने बांधायची, तिच्यावर डिजिटल सही करायची आणि सिम्युलेटरमध्ये चालवून बघायची. गूगल नकाशांवर विसंबलेली ॲप तिथेच अडत. पुढे २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे हुआवेच्या नव्या फोनांवरून गूगलच्या सेवा गेल्या, तेव्हा त्या कंपनीनेही ॲपमधून गूगलला जाणारी प्रत्येक हाक हुडकून आपल्या सेवेकडे वळवणारं साधन दिलं. चेन्नईतही आयआयटी मद्रासच्या छत्राखाली 'भारओएस' ही मोबाइल प्रणाली घडली; जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी तिची चाचणी घेतली.

या साऱ्या चाचण्या गुरांच्या जातीच्या. बटण दाबलं, पान उघडलं? ओटीपी आला? उत्तर 'हो' आलं की हिरवी खूण. वापरणाऱ्याची परीक्षा निराळी. निरोप येतात, पण स्क्रीन बंद असताना फोन वाजतच नाही. टॅक्सी बोलावली तर नकाशाच्या जागी राखाडी चौकोन. काय चुकतंय हे त्याला धड सांगता येत नाही, पण हे 'आपलं' ॲप नव्हे, एवढं त्याला पक्कं कळतं. बँकांच्या ॲपची तर उलटीच तऱ्हा: तीच देहाची झडती घेतात. फोन अस्सल असल्याची ग्वाही गूगलकडून मिळाली नाही, तर त्यातली काही कामच करत नाहीत.

मग 'तेच ॲप' म्हणजे नेमकं काय? नैयायिक म्हणतील, 'हे तेच' अशी ओळख पटते, म्हणजे आत टिकणारं काही आहे. बौद्ध लगेच दिव्याच्या ज्योतीकडे बोट दाखवतील: ती क्षणाक्षणाला नवी असते, आपण सारखेपणालाच तेच समजतो. इथे बौद्धांचं पारडं जड वाटतं. मूळ फोनवरचं ॲपसुद्धा दर अपडेटला आतून बदलतं, तरी त्याला कुणी परकायाप्रवेश म्हणत नाही. पण मूलनच्या बायकोची तक्रार त्यांनाही पुरती सोडवता येत नाही. तिच्या दृष्टीने चेहरा, आवाज, चाल सगळं जुळत होतं. तुटलं होतं ते नातं, आणि नात्यासाठी चाचणी लिहायची कशी? शंकराचार्य अमरुक राजाच्या मृत देहात शिरल्याच्या कथेत मंत्र्यांना संशय आला तोही राजा पूर्वीपेक्षा शहाणा वागू लागला म्हणून. सुधारणाही परकी वाटू शकते, हे ॲपच्या नव्या रूपावर चिडणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

सात्तनूरच्या गावकऱ्यांनी निवाडा केला: हा शिवयोगात बुडालेला आहे, पूर्वीच्या नात्यात परतणार नाही. योगी आपला देह घ्यायला परतला, तर तो जागेवर नव्हता. शिवानेच तो दडवला होता, असं पुराण सांगतं. परतीचा मार्ग बंद झाल्यावर त्याने ३,००० वर्षांत ३,००० पद्यं रचली, अशी श्रद्धा आहे. तेच 'तिरुमंदिरम्'. रचणारा योगी, पण ग्रंथाच्या कर्त्याला आणि मिरवणुकीतल्या मूर्तीला नाव चिकटलं ते गुराख्याचं.