नावाने मारलेली हाक



नोव्हेंबर हा आपल्या मृतांचा महिना. पावसाळा संपतो तेव्हा कबरस्तानात कमरेएवढे गवत माजलेले असते, जांभ्या दगडावरचे शेवाळ वाळून काळे पडलेले असते आणि क्रुसावरची अक्षरे पुसट झालेली असतात. २ नोव्हेंबरच्या आत घरोघरची माणसे कोयती, खराटा, चुना आणि काळ्या रंगाचा छोटा डबा घेऊन तिथे जातात. गवत कापतात, क्रूस पांढरा करतात आणि नावावर पुन्हा ब्रश फिरवतात. दरवर्षी पाऊस ते नाव पुसतो, दरवर्षी आपण ते लिहितो.

आपल्या माणसाला मृत्यूने पुसून टाकू नये, ही माणसाची फार जुनी धडपड आहे. तिचे सर्वांत भव्य रूप पाहायचे असेल तर इजिप्तमध्ये जावे लागते. पवित्र भूमीच्या यात्रेला जाणारे आपले लोक पुष्कळदा कैरोपर्यंत जातात. त्याच्याही दक्षिणेला, नाईल नदीच्या काठी लक्सर नावाचे शहर आहे. तिथे नदीच्या पश्चिम तीरावर, म्हणजे सूर्य मावळतो त्या बाजूला, उघड्या बोडक्या डोंगरात राजांच्या कबरी कोरलेल्या आहेत. बाहेर डोळे दिपवणारे ऊन असते. पायऱ्या उतरून डोंगराच्या पोटात शिरले की दोन्ही बाजूंच्या भिंती आणि वरचे छतसुद्धा रंगवलेले दिसते. तीन हजार वर्षे उलटली तरी पुष्कळ ठिकाणी निळा, पिवळा, तांबडा रंग अजून तजेलदार आहे.

हे काम करणारे कारागीर जवळच्याच एका वस्तीत राहत. आज तिला देर अल-मदिना म्हणतात. आधी छिन्नीने खडक फोडायचा, मग भिंतीवर गिलावा द्यायचा. त्यानंतर तांबड्या रंगात बुडवलेली दोरी ताणून, टिचकी मारून सरळ रेषा उमटवायच्या, आपले सुतार गेरूच्या दोरीने आखतात तशाच. मग चित्र काढायचे. तांबडा आणि पिवळा रंग मातीचा, काळा काजळीचा. निळा मात्र वाळू, चुना आणि तांबे एकत्र भाजून तयार केलेला.

राजांच्या कबरी खोदणाऱ्या या माणसांनी स्वतःसाठीही कबरी कोरल्या. त्यांतल्या सेन्नेजेम नावाच्या कारागिराची कबर १८८६ साली जशीच्या तशी सापडली. खोली लहानशी आहे. तिच्या एका भिंतीवर तो आणि त्याची पत्नी परलोकातल्या शेतात काम करताना दाखवले आहेत. तो बैलजोडीने नांगरतो आहे, ती मागून बी पेरते आहे. दोघांच्याही अंगावर पांढरीशुभ्र वस्त्रे आहेत. चिखलात उतरून भातलावणी करणाऱ्या आपल्या माणसांना हे पाहून हसू येईल. पण त्या हसण्यातच चित्राचा अर्थ आहे. जन्मभर घाम गाळलेल्या माणसाने घाम नसलेल्या शेताचे स्वप्न पाहिले आहे. आणि त्या शेतात तो एकटा गेलेला नाही, त्याने बायकोला सोबत नेले आहे.

भिंतीवर रंगवलेली भाकर मेलेल्या माणसाला खरोखर मिळते, असा त्या लोकांचा विश्वास होता. तो आपला विश्वास नाही. पण त्यामागच्या प्रेमाची थट्टा आपण करू नये.

मात्र एवढ्या कष्टाने जपलेल्या त्या कबरींचे पुढे काय झाले? बहुतेक राजांच्या कबरी प्राचीन काळीच चोरांनी फोडल्या. पुष्कळ राजांची प्रेते तिथल्या पुजाऱ्यांनी दुसरीकडे नेऊन लपवली. ती १८८१ साली जगापुढे आली. ३ एप्रिल २०२१ रोजी कैरो शहरात २२ राजाराण्यांची प्रेते एका संग्रहालयातून दुसऱ्या संग्रहालयात वाजतगाजत हलवण्यात आली. सेन्नेजेमच्या घरच्यांच्या शवपेट्याही आज कैरो आणि न्यूयॉर्कसारख्या शहरांतल्या संग्रहालयांत आहेत. तूतनखामुन राजासारखे अपवाद सोडले तर भिंती राहिल्या आणि ज्यांच्यासाठी त्या रंगवल्या ती माणसे तिथे नाहीत. आणि आता भिंतींनाही धोका आहे. नेफरतारी राणीच्या कबरीतील चित्रे क्षारांनी पोखरली होती. १९८६ ते १९९२ या काळात खपून ती वाचवावी लागली. पाहायला येणाऱ्यांच्या घामातली आणि श्वासातली ओल चित्रांना मारते, म्हणून तिथे आत सोडायच्या माणसांवर बंधन आहे. मृतांना जपण्यासाठी काढलेली चित्रे जिवंत माणसाचा श्वाससुद्धा सोसू शकत नाहीत!

त्याच २०२१ सालच्या २२ जुलैला आपल्या चिपळुणात काय झाले, हे तुम्हांला सांगायला नको. वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले, घरांत शिरले, माळ्यापर्यंत चढले. भांडी गेली, कपडे गेले, कागदपत्रे गेली. हळूहळू पुष्कळ काही पुन्हा घेता आले. पण भिंतीवरचे फोटो पुन्हा घेता आले नाहीत. चिखल काढण्याच्या त्या दिवसांत एका मावशींनी मला ओल्या भिंतीवरचा रिकामा खिळा दाखवला. त्यांच्या आईचा एकच फोटो होता, तो गेला होता. त्या म्हणाल्या, “फादर, आईचा चेहरा आता नीट आठवत नाही हो. वर गेल्यावर मी तिला ओळखणार कशी?”

बंधुभगिनींनो, हा प्रश्न एकट्या त्या मावशींचा नाही. आपण सर्वांनीच तो मनात धरून ठेवू या आणि थोडे आपल्याच मुलखात जाऊ या.

पुणे-मुंबई लोहमार्गावर मळवली स्थानकाजवळ भाजे गावची लेणी आहेत. सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंसाठी ती कोरली गेली. तिथे एका बाजूला १४ लहानमोठे स्तूप ओळीने उभे आहेत. पाच आत, नऊ बाहेर. ही तिथल्या दिवंगत भिक्षूंची स्मारके. त्यांच्यावर चेहरा नाही, शेत नाही, भाकर नाही. काहींवर फक्त नाव कोरलेले आहे. अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. बाकी त्या माणसांचे काहीही उरलेले नाही. तरी आज तिथे उभा राहिलेला माणूस ते नाव उच्चारतो आणि क्षणभर तो भिक्षू आपल्यासमोर असतो. नावात असे बळ आहे.

आता तिसऱ्या एका कबरीपाशी जाऊ. तीही खडकात खोदलेलीच. अरिमथाईकर योसेफने ती स्वतःसाठी तयार करून घेतली होती आणि तीत आपल्या प्रभूला ठेवण्यात आले. शुभवर्तमानात तिथल्या कोणत्याही चित्राचा उल्लेख नाही. शब्बाथ जवळ आला होता, घाईघाईने दफन झाले. तिसऱ्या दिवशी पहाटे कबर रिकामी होती. चोरांनी रिकामी केलेली नव्हे, पुनरुत्थानाने रिकामी झालेली.

संत योहान सांगतात, मरिया मग्दालिया तिथे रडत उभी होती. प्रभू तिच्यासमोर आला, तिने त्याचा चेहरा पाहिला, पण ओळखला नाही. तिला तो माळी वाटला. मग त्याने तिला नावाने हाक मारली आणि त्या एका हाकेने तिने त्याला ओळखले. बेथानीत लाझरसलाही प्रभूने असेच नावाने बाहेर बोलावले होते.

मावशींच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. पुनरुत्थानाच्या पहाटे ओळख पटली ती आठवणीत जपलेल्या चेहऱ्याने नव्हे, हाकेने. आपल्याला आईला शोधून काढायचे नाही. जो आईला नावाने ओळखतो, तोच आपल्यालाही नावाने बोलावणार आहे. आपली आठवण विटते, त्याची विटत नाही.

प्लेटोसारख्या थोर तत्त्वज्ञानेही शरीराला आत्म्याचा तुरुंग मानले. आपणही सहज म्हणून जातो, शरीर काय, माती! पण आपल्या श्रद्धेच्या अंगीकारात आपण देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो. उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते. देहावाचून माणूस पुरा नाही, हे इजिप्तच्या लोकांना कळले होते. तो देह राखणे आपल्या हाती नाही, देवाच्या हाती आहे, हे ख्रिस्ताने दाखवले. म्हणूनच रोममधल्या पहिल्या ख्रिस्ती लोकांनीही भुयारी कबरींच्या भिंती रंगवल्या, पण त्यांवर काढला तो खांद्यावर मेंढरू घेतलेला उत्तम मेंढपाळ. आपल्या मेंढरांना नावाने हाक मारणारा.

तेव्हा या महिन्यात तीन गोष्टी करू या. घरातल्या एका वहीत आपल्या मृतांची नावे लिहा, आजोबा-पणजोबांपर्यंत जाता येईल तितके मागे जा आणि ती मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. तीच नावे मिस्साबलिदानासाठी वेदीवर द्या. १ ते ८ नोव्हेंबर या आठवड्यात कबरस्तानात जाऊन मृतांसाठी प्रार्थना करा. ख्रिस्तसभेने या दिवसांतल्या भेटीला विशेष कृपा जोडली आहे. आणि परतताना एक मेणबत्ती अशा कबरीपाशी लावा, जिथे नाव उरलेले नाही. कुणी परमुलखातून कामाला आलेला असेल, कुणी जन्मताच गेलेले लेकरू असेल, कुणाला २०२० आणि २०२१ च्या साथीत घरच्यांनी जवळ न येता निरोप दिला असेल. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. हाक मारणाऱ्याला ठाऊक आहेत.

हे प्रभो, आमच्या मृतांना चिरशांती दे. आम्ही ज्यांचे चेहरे विसरलो त्यांना तू विसरू नकोस आणि आमची वेळ येईल तेव्हा आम्हांलाही नावाने हाक मार. आमेन.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू