मुक्या चाकराविषयीं आपलें कर्तव्य

निर्जीव वस्तूविषयीं मनुष्याला कांहीं कर्तव्य असतें काय? प्रश्न प्रथम ऐकतां थट्टेचा वाटतो. दगडाला लाथ मारली तर दगडाचें कांहीं बिघडत नाहीं, दुखतो तो आपलाच पाय. एवढें बोलून हा वाद मिटवावा असें वर्षभरापूर्वीं मलाही वाटलें असतें. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस आमच्या घरीं एक लहान ट्रॅक्टर आला, आणि त्याच्या पहिल्या थोड्याच दिवसांत जें घडलें त्यामुळें ह्या प्रश्नाचें उत्तर मला नव्यानें शोधावें लागलें. तें वाचकांपुढें ठेवितों. कारण असे ट्रॅक्टर आतां गांवोगांवीं येत आहेत, आणि ज्यांच्या दारीं आला नाहीं त्यांच्या शेतांतही तो भाड्यानें फिरतोच.

आमची थोडी वडिलोपार्जित जमीन कौंडण्यपुराच्या शिवारांत आहे. हें गांव अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यांत वर्धा नदीच्या कांठीं वसलेलें असून विदर्भाची प्राचीन राजधानी व रुक्मिणीचें माहेर म्हणून सर्वत्र प्रसिद्ध आहे. नदीपलीकडे आर्वीचा मुलूख. तेथील गवळाऊ जातीचे पांढरे, चपळ बैल पिढ्यान्‌पिढ्या ह्या दोन्ही तीरांवर राबत आले. जमीन काळी. पावसाळ्यांत ती चाकाला धरून बसते, उन्हाळ्यांत तिला हात हात भेगा पडतात, आणि ह्या दोहोंच्या मध्यें वाफसा म्हणून जे मोजके दिवस मिळतात तेवढ्यांतच पेरणी व डवरणी उरकावी लागते. आमचा एक बैल म्हातारा होऊन गेला, दुसरा जोडीवांचून निकामी झाला, आणि मागील दोन पोळ्यांस आमचा खुंटा रिकामा होता. म्हणून बँकेचें कर्ज काढून हा ट्रॅक्टर घेतला. तो अठरा अश्वशक्तीचा असून रुंदीला इतका आटोपशीर आहे कीं कपाशीच्या दोन ओळींमधून आणि संत्र्याच्या झाडांखालून तो सुखानें निघून जातो. मोठ्या ट्रॅक्टरच्या मानानें त्याचें वजनही पुष्कळ कमी; त्यामुळें काळी माती दबून घट्ट होण्याचें भय थोडें कमी असतें, मात्र ओल्या रानांत तो घातला तर हा लाभही व्यर्थ जातो.

नवीन अवजाराविषयीं आपल्या लोकांना संशय वाटावा हें कांहीं आजचें नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमिनीला विष बाधेल अशी शंका शेतकरी घेत, आणि पहिले नांगर खपण्यास फार कष्ट पडले. पुढें १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली आणि तेच नांगर घरोघर गेले. ट्रॅक्टर आपल्या देशांत बनूं लागले ते १९५९ सालीं फरीदाबाद येथें. चार वर्षांनीं मुंबईसही त्यांचा कारखाना निघाला. आतां तर नागपुरासही ते तयार होतात. तेव्हां लोखंडाचें विष जमिनीला बाधतें काय, हा प्रश्न मिटला आहे. परंतु तें मालकाच्या मनाला बाधतें काय, हा प्रश्न मात्र अद्यापि शिल्लक आहे असें मला वाटतें.

ट्रॅक्टर घरीं आला त्या दिवशीं मला जो आनंद झाला तो लपवून ठेवीत नाहीं. रंग नवा, आवाज दमदार, आणि चार दिवसांचें वखरण एका सकाळीं झालेलें. बरोबर एक पुस्तक आलें होतें. त्यांत रोज काय पाहावें, किती तासांनीं काय बदलावें हें क्रमवार दिलें होतें. ट्रॅक्टरचें वय कोसांनीं मोजीत नाहींत, तासांनीं मोजतात. समोरच्या मीटरवर इंजिन किती तास चाललें तें दिसतें. पहिली सर्व्हिसिंग पन्नास तासांनीं करावयाची होती. इतक्या लवकर तेल कां बदलावें, असें मीं दुकानच्या मिस्त्रीस विचारिलें. तो म्हणाला कीं नवे भाग एकमेकांवर घासून बसत असतात, त्यांचा बारीक लोखंडी कीस तेलांत उतरतो. तें तेल वेळीं काढलें नाहीं तर तोच कीस पुढें इंजिन खातो. म्हणजे वस्तु नवी असते तेव्हांच तिची काळजी अधिक घ्यावी लागते. आपण मात्र नवी आहे म्हणूनच तिच्याविषयीं निश्चिंत राहतों.

आमच्या घरीं वीस वर्षें बैल हांकलेले एक वृद्ध गडी आहेत. त्यांना आम्ही काका म्हणतों. ट्रॅक्टर चालविणें ते महिन्याभरांत शिकले. परंतु त्यांना वाचतां येत नाहीं. म्हणून रोजची तपासणी मीं स्वतःकडे घेतली. एक वही केली. तींत रकाने आंखले : इंजिनचें तेल, रेडिएटरचें पाणी, डिझेलच्या गाळणींत सांचलेलें पाणी, पुढील आंसाचें ग्रीस, चाकांतील हवा, आणि एअर क्लीनरची वाटी. ह्या वाटींत तेल असतें. इंजिन जी हवा ओढतें ती ह्या तेलावरून जाते व तिच्यांतील धूळ तेलांत अडकते. कोरड्या रानांत वखर चालतो तेव्हां त्या धुळीस अंत नसतो; तेल घट्ट झालें कीं वाटी पुसून नवें घालावें लागतें.

पहिले दहा दिवस मीं सर्व नेमानें केलें. पुढें कांहीं कामें निघाली, दोन दिवस परगांवीं जावें लागलें. परत आल्यावर वही उघडली, रकाने रिकामे दिसले, आणि ते तसे बरे दिसेनात म्हणून मीं त्यांत खुणा करून टाकिल्या. ‘काल चांगला चाललाच होता, मग सर्व ठीकच असेल,’ असें मनाशीं म्हटलें. ही युक्ति एकदां साधली म्हणजे दुसऱ्यांदां मनास टोंचत नाहीं. आठ दिवस वही भरत गेली, पण बॉनेट एकदांही उघडलें नाहीं.

नवव्या दिवशीं एका शेजाऱ्याच्या रानांत ट्रॅक्टर काळा धूर ओकूं लागला आणि त्याचा जोर उतरला. मी तेथें पोंचलों तों पांचसात मंडळी धुऱ्यावर जमली होती. त्या सर्वांच्या देखत मीं काकांना बोल लाविला, कीं तुम्ही वखर खोल घालून यंत्र ताणलें असेल. ते कांहीं बोलले नाहींत. सांजेस मिस्त्री आला. त्यानें वाटी सोडवून माझ्या हातीं दिली. तींत तेलाच्या जागीं काळा चिखल होता. ‘ही किती दिवसांत पाहिली नाहीं?’ असें त्यानें विचारिलें. माझ्या खिशांत ती वही होती, आणि तींत त्या दिवसाच्या रकान्यांतसुद्धां माझी खूण होती.

वाचकहो, त्या घटकेस मला जें कळलें तें असें. बैल मुका असतो असें आपण म्हणतों, परंतु तो खरोखर मुका नाहीं. त्याचा खांदा सोलला तर रक्त दिसतें. भूक लागली तर तो हंबरतो. आजारी पडला तर चारा सोडतो. म्हणून त्याच्या मालकाला दुर्लक्ष करितां येतें, पण मला ठाऊक नव्हतें असें म्हणतां येत नाहीं. मळणीच्या बैलाचें तोंड बांधूं नये असा नियम मोशेच्या शास्त्रांत आहे, आणि पोळ्याच्या आदल्या सांजेस बैलाचे खांदे शेकून त्यांस हळद चोळण्याची चाल आपल्या वऱ्हाडांत आहे. दोहोंचा आधार एकच, कीं ज्याच्या श्रमावर आपण जगतों त्याचें दुःख आपल्याला दिसतें. यंत्राचें तसें नाहीं. तें उपाशी असतांही काल जेवढें काम केलें तेवढेंच आज करितें. आंतल्या आंत झिजतें, आणि बाहेरून नवेंच दिसतें. तें आपल्याजवळ दयेची याचना करीत नाहीं. म्हणून त्याच्या बाबतींत आपल्या दयाळूपणाची परीक्षा होत नाहीं. होते ती सत्याची. रकान्यांतील खूण खरी कीं खोटी, हें पाहणारा तेथें दुसरा कोणी नसतो.

कोणी म्हणेल, ह्यांत नीतीचा प्रश्न तो कोणता? यंत्र राखलें नाहीं तर नुकसान मालकाचें. हा शहाणपणाचा विषय आहे, धर्माचा नव्हे. हा आक्षेप मीं पुष्कळ दिवस मनांत घोळविला. नुकसान केवळ मालकाचें होत असतें तर तो मान्य करावा लागला असता. परंतु तें तसें होत नाहीं. माझ्या चुकीचा पहिला भार काकांवर पडला, कारण यंत्र बोलत नाहीं, आणि गडी बोलूं शकत असून बोलत नाहीं. दुसरा भार शेजाऱ्यावर पडला. त्याच्याकडे बैल नाहींत, त्याची सर्व भिस्त आमच्या ट्रॅक्टरवर, आणि हाच प्रकार पेरणीच्या वाफशांत झाला असता तर ते दिवस त्याला कोणी परत दिले नसते. तिसरें असें कीं, कर्ज फिटेपर्यंत ती वस्तु पुरती माझी नाहींच. ज्याची झीज मी लपवितों तें दुसऱ्याचें तारण आहे. तेव्हां कर्तव्य लोखंडाविषयीं नसेल, पण त्या लोखंडावर जे जे विसंबून आहेत त्यांच्याविषयीं खचित आहे, आणि तें पार पाडण्याची जागा मात्र ते लोखंडच आहे.

ह्याचें एक उदाहरण तर जीवावरचें आहे. रोटाव्हेटर फिरविण्यासाठीं ट्रॅक्टरच्या मागें जो दांडा असतो, त्यास पीटीओ म्हणतात, तो मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे एका सेकंदास नऊ. त्यावरील झांकण ग्रीस घालतांना अडचण करितें म्हणून पुष्कळ ठिकाणीं काढून टाकलेलें मीं पाहिलें आहे. काढणारा स्वतः वर बसलेला असतो. साडीचा पदर किंवा मुलाचा सदरा त्यांत सांपडला तर ‘थांब’ म्हणण्यासही अवकाश मिळत नाहीं. झांकण परत बसविणें हें यंत्रावर उपकार करणें आहे असें कोण म्हणेल? मुलांना मडगार्डवर बसवून हौसेनें गांवभर फिरविणें हाही ह्याच जातीचा निष्काळजीपणा होय.

जेथें वस्तु समाईक असते तेथें हा प्रश्न आणखी बिकट होतो. केंद्र सरकारनें २०१४-१५ सालीं कृषि यांत्रिकीकरणाची योजना काढली. तेव्हांपासून अवजारांस अनुदान मिळतें आणि गटांनीं मिळून अवजारांची बँक चालविण्यासही साह्य होतें. लहान शेतकऱ्यास ही सोय मोठी आहे. परंतु अशी अवजारें उभीं असतात तेथें जाऊन पाहा. घेऊन जाण्यासाठीं रांग असते, धुऊन परत आणणारा विरळा. सर्वांची वस्तु ती कोणाचीच नव्हे, ही म्हण होऊन बसली आहे. घरच्या यंत्राला मनुष्य स्वार्थानें तेल घालील. दुसऱ्याच्या यंत्राला तो घालतो कीं नाहीं, ह्यावरून शहाणपण कोठें संपतें व नीति कोठें सुरू होते हें ओळखावें.

असो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी त्याच धुऱ्यावर गेलों. आदल्या दिवसाच्या मंडळींपैकीं जी भेटली तिला थांबविलें आणि दोष माझा होता, काकांचा नव्हता, असें सांगितलें. वहीतल्या खोट्या खुणांचेंही सांगितलें. जो मनुष्य इतरांना सत्याचा उपदेश करितो त्याला हें बोलणें सोपें गेलें नाहीं. काका खालीं पाहत होते. शेवटीं म्हणाले, “भाऊ, बैलाले दुखलं त थो चारा सोडते. याले दुखलं त हे बापुडं कोनाले सांगन? आपनच इचारा लागते.” मीं जें येथवर लांबवून लिहिलें, तें त्यांनीं एवढ्यांत सांगितलें.

आतां वहीचा क्रम बदलला आहे. रकान्यांत शब्दांऐवजीं मीं चित्रें काढिलीं : वाटी, थेंब, चाक. काका स्वतः बॉनेट उघडून पाहतात व खूण करितात. मी आठवड्यांतून एकदां त्यांच्या शेजारीं उभा राहून त्यांच्या खुणा ताडून पाहतों, आणि माझ्या वांट्याचीं कामें ते ताडून पाहतात. पन्नास तासांची सर्व्हिसिंग दोघांनीं मिळून करविली. काढलेलें तेल काकांनीं बोटांवर घेऊन उन्हांत धरलें, त्यांत लोखंडाचा बारीक कीस चमकत होता. पोळ्याच्या दिवशीं ट्रॅक्टर बाहेर काढावयाचा नाहीं असेंही आम्हीं ठरविलें आहे. त्याला विश्रांतीची गरज नाहीं हें मी जाणतों. पण त्या दिवशीं तो धुवावा, एकेक बोल्ट आंवळावा, आणि ज्यांनीं वर्षभर तो चालविला त्यांना अगोदर जेवूं घालावें, ह्याची गरज आम्हांस आहे.

ज्या वाचकांच्या घरीं नवें यंत्र आलें असेल, मग तो ट्रॅक्टर असो, पाण्याचा पंप असो कीं शिवणयंत्र असो, त्यांना माझी एवढीच विनंति आहे. आज सांजेस तें उघडून पाहा. आणि त्यांत बिघाड दिसला, तर तें चालविणाऱ्यास बोलण्यापूर्वीं आपली वही तपासा.