बोंब मारणारा राखणदार

झाशीला गेलेला मराठी माणूस ओरछ्याला चक्कर मारल्याशिवाय परतत नाही. तिथल्या छत्र्यांवर गिधाडं बसलेली असतात. एकेकाळी देशभर असलेली ही पाखरं कशाने संपत आली, ते 2004 मध्ये उघड झालं. ढोरांना वेदनेवर डायक्लोफेनॅक दिलं जाई. ती मेली की गिधाडं त्यांचं मांस खात, आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरत. 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. गायीला जे सोसलं ते गिधाडाला सोसलं नाही. माणसाला सोसणारी वेदनेवरची गोळी, उदाहरणार्थ आयबुप्रोफेन, कुत्र्याला सोसेल, असं मात्र आपण अजूनही धरून चालतो.

शरीराला इजा झाली की प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. सूज आणि कळ त्यांच्यामुळे चढते. पण एरवी हीच द्रव्यं जठराचं अस्तर सांभाळतात, आणि अंगातलं पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवतात. म्हणजे बोंब मारणारा आणि राखणदार एकच. आयबुप्रोफेन बोंब थांबवतं ते राखणदारालाच बांधून. बुंदेलखंडाच्या मे महिन्यात, समथरसारख्या गावात, पाण्याविना धापा टाकणाऱ्या कुत्र्याचा हा राखणदार बांधला, तर मूत्रपिंडाकडे काय उरतं?

त्यात कुत्र्याच्या शरीरातून हे औषध माणसापेक्षा सावकाश बाहेर पडतं. हिशेबही करून बघा. 400 मिलिग्रॅमची एक गोळी सत्तर किलोच्या माणसाला किलोमागे सहा मिलिग्रॅमही पडत नाही. आठ किलोच्या कुत्र्याला तीच पन्नास पडते. एवढ्यात जठराला जखमा होऊ शकतात. किलोमागे पावणेदोनशेच्या आसपास मूत्रपिंडाची पाळी येते. कुत्रं म्हातारं असेल, किंवा त्याला स्टेरॉइड चालू असेल, तर त्याहून बरंच आधी.

राखणदार गेल्याची खूण आधी पोटात दिसते. अन्नावर वासना नाही, उलट्या, कधी त्यांत रक्त. मग डांबरासारखी काळी शी, पांढुरक्या हिरड्या. मूत्रपिंड मात्र बोलत नाही. लघवी कमी-जास्त होईपर्यंत दोन-तीन दिवस निघून गेलेले असतात. म्हणून ‘आता बरं दिसतंय’ या वाक्यावर माझा विश्वास नाही. वेदनेवरच्याच दुसऱ्या गोळीची, पॅरासिटामॉलची, वाट निराळी. ते यकृताला आणि रक्ताला धरतं. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. त्यावर एन-असिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो वेळेत पोचला पाहिजे.

त्यामुळे लक्षणांची वाट बघत बसू नये. गोळी पोटात जाऊन तास-दोन तासच झाले असतील तर डॉक्टर उलटी करवतात, सक्रिय कोळसा देतात. पुढे मूत्रपिंडासाठी सलाईन, बहुधा दोन दिवस. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नये, त्या मिठानेच कुत्रं दगावू शकतं. दूध पाजल्याने विष उतरत नाही.

समथरहून झाशीच्या डॉक्टरकडे जायचं तर पन्नास किलोमीटरांच्या पुढे. गाडी निघायच्या आधी फोन लावावा, गोळ्यांची फाटकी पट्टी खिशात टाकावी, आणि ‘काहीतरी खाल्लंय’ असं न म्हणता सांगावं: वजन आठ किलो, साडेनऊच्या सुमारास, आयबुप्रोफेन चारशेच्या दोन, अजून उलटी नाही.